सरांचा पॉज

बारामतीची माणसं तालमीसाठी इंदापूरला जायला तयार नव्हती आणि इंदापूरची माणसं बारामतीला यायला. म्हणून आमच्या नाटकाच्या तालमी जंक्शनला झाल्या. ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगते, बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव आहे. नाव ऐकून नवखा माणूस रेल्वेचं वेळापत्रक विचारतो, पण तिथं येते ती एसटी, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. मुद्दा अंतराचा नव्हताच. आधी कोण कुणाच्या दारी गेलं, हा होता.

तालमीची जागाही साजेशीच मिळाली. तिथल्या मंगल कार्यालयाच्या मालकाला नाटकाचं वेड. मुहूर्त नसलेल्या दिवशी तो आम्हाला हॉल फुकट द्यायचा. आदल्या लग्नातल्या मसालेभाताचा वास भिंतींना चिकटलेला असायचा, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली, सोनेरी पाठीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या. त्यातल्या एकीची पाठ दुसरीपेक्षा वीतभर उंच होती. त्या वीतभर उंचीपायी आमच्या तालमी रोज अर्धा तास उशिरा सुरू व्हायच्या.

मी या नाटकाची प्रॉम्प्टर. बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यावर घर चालतं. पण माझी खरी कला कुजबुजण्याची. शाळेत याच कलेसाठी मला बाकावर उभं करायचे, पुढं तीच कला मानानं विंगेत उभी राहिली. माझी कुजबूज नटाच्या कानात शिरते आणि प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही, असं माझं म्हणणं आहे. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण त्यांना मी विचारलेलं नाही.

तर आता खुर्च्यांवरची माणसं.

उंच पाठीच्या खुर्चीचे पहिले दावेदार सर. इंदापूरच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ नसती तरी चाललं असतं. मोरगावकडच्या कोरडवाहू गावात शेळ्या राखत वाढलेला हा माणूस, पण त्यांच्या तोंडून कधी कुणी 'न्हाय' ऐकलं नव्हतं. एसटीच्या कंडक्टरलासुद्धा 'कृपया एक जंक्शन' म्हणायचे. कंडक्टर बिचारा तिकिटाआधी स्वतःचा शर्ट नीट करायचा.

दुसऱ्या दावेदार मॅडम. बारामतीच्या एका बँकेत शाखाधिकारी. माहेर वडगाव निंबाळकरचं, ऊस आणि गाईंच्या गोठ्यातलं, पहाटे धारा काढून शाळेला गेलेल्या. आता त्यांच्या बोलण्याला अशी काही इस्त्री होती की कर्ज नामंजूर झालेला माणूसही 'थँक्यू' म्हणून बाहेर पडायचा. स्टेजवर त्या रडायच्या, पण एकाच डोळ्यातून. ज्या बाजूला प्रेक्षक, त्या बाजूच्या. मी विंगेतून बघितलंय, दुसरा डोळा कोरडा ठणठणीत, आणि त्या डोळ्यानं त्या मला 'लाईट नीट पडतोय ना?' असं विचारत असायच्या.

आणि तिसरे आबा, आमचे लेखक-दिग्दर्शक. कळंबला त्यांचं खतं-बियाणांचं दुकान. दिवसभर युरियाच्या गोण्या मोजायच्या आणि संध्याकाळी 'सहिष्णुता', 'निःस्पृहता', 'अंतर्यामी' असे शब्द कागदावर उतरवायचे. त्यांचा एकच नियम होता, "शब्दाला हात लावायचा नाही." तालमीत स्वतःचं एखादं वाक्य ऐकून त्यांना इतकं बरं वाटायचं की ते स्वतःच "वा!" म्हणायचे, मग कुणी ऐकलं का म्हणून इकडंतिकडं बघायचे.

या तिघांत मिळून जेवढे गुण होते तेवढे दोन्ही तालुक्यांत नव्हते, हे मी मनापासून सांगते. अडचण एवढीच की हे तिघांनाही माहीत होतं.

जाहिरातीच्या फ्लेक्सवरून काय झालं ते ऐका. नाव आणि फोटो आधी कुणाचा? आबांनी तोड काढली. बारामतीत लावायच्या फ्लेक्सवर मॅडम मोठ्या आणि सर लहान, इंदापुरात लावायच्या फ्लेक्सवर सर मोठे आणि मॅडम लहान. दोन गावं, दोन फ्लेक्स, सगळे खूश. पण फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना जंक्शनला कुठला लावायचा ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही लावले. चहाच्या टपरीच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरा. तालमीला येताना सर आणि मॅडम नेमके एकाच वेळी टपरीशी पोचले. दोघांनी दोन्ही फ्लेक्स बघितले. मग सर म्हणाले, "बाई, तुमचा फोटो जुना आहे वाटतं." आणि मॅडम म्हणाल्या, "हो सर. तुमचाही." मी माझा चहा कपात नाही, बशीत सांडला, एवढं नियंत्रण मला जमलं.

नाटक असं होतं. एक निवृत्त न्यायाधीश आणि त्याची बायको. आयुष्यभर त्यानं घरात तिला काही म्हणजे काही विचारलेलं नाही. एके दिवशी ती घरातच त्याच्यावर खटला भरते. ती वादी, आणि न्यायाधीशही तोच, आरोपीही तोच. शेवटच्या प्रवेशात तो खुर्चीतून उठतो, आरोपीच्या जागी उभा राहतो आणि एक लांबलचक कबुली देतो. मग तिचं तेवढंच लांबलचक उत्तर, मग पडदा. कबुली सरांची, उत्तर मॅडमचं. दोन्हींतल्या ओळी दोघांनीही गुपचूप मोजून घेतल्या होत्या.

आता सरांचा पॉज. बोलता बोलता ते थांबायचे. असे थांबायचे की हॉलमधले पंखे ऐकू यायचे. एकदा वडगावच्या जत्रेतल्या प्रयोगात एकजण मागून ओरडला, "मास्तर, फुडचं बोला की!" सरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो उभा होता, खाली बसला. मग सर पुढचं वाक्य बोलले आणि सगळ्यात आधी टाळी वाजवली ती त्यानंच.

माझी परीक्षा तिथंच. सर थांबले आहेत की विसरले आहेत? थांबले असताना मी शब्द दिला तर अंक संपल्यावर विंगेत येऊन ते सांगायचे, "बाई, मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो." आणि त्या आवाजात चष्म्याची काच तडकावी इतका गारवा. काही वर्षांत मला खूण सापडली. थांबलेले असताना त्यांचा डाव्या हाताचा अंगठा बोटावर हळूहळू फिरायचा, जणू तंबाखू मळतायत. आत पुढचं वाक्य तयार आहे, फक्त चुना लागायचा बाकी आहे. तो अंगठा फिरत असेपर्यंत मी तोंड उघडायची नाही.

यंदा तो अंगठा मधेच थांबायला लागला.

पहिल्यांदा मी डोळे चोळले. मग दुसऱ्या तालमीला झालं, तिसऱ्या तालमीलाही. हात उघडा पडायचा, सरांची नजर कुठंतरी छताच्या झुंबराकडं जायची. मी शब्द द्यायची आणि ते घ्यायचे. तेच मला लागलं. पूर्वी शब्द दिला की रागवायचे, आता मुकाट्यानं घेत होते.

एका दुपारी ते जंक्शनला उतरलेच नाहीत. एसटीनं थेट बारामतीच्या स्टँडवर गेले आणि उलट्या गाडीनं परत आले. आम्ही सगळे वाट बघत बसलेलो. आल्या आल्या म्हणाले, "पाठांतर चाललं होतं. एका लयीत होतो. उतरलो असतो तर लय मोडली असती." आबांनी मॅडमकडं बघितलं आणि मॅडमनी खुर्चीच्या मखमलीवरची धूळ झटकली.

त्या आठवड्यात सरांच्या मिसेस माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, जवळचं दिसत नसेल. मी तपासायची खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"चष्म्यासाठी न्हाय आले ताई. जरा बोलायचं हुतं."

मी दुकानातल्या मुलीला चहा सांगायला पाठवलं.

"ह्यांना इसरायला हुतंय. डागदरला दाखिवलंय. त्यो म्हणाला, वयाचं हाय, गोळ्या घ्या, डोकं चालतं ठिवा. घरात ग्यास चालू ऱ्हातो, चपला उलट्या घालत्यात. नातीचं नाव आठवंना तर तिला 'सुकन्ये' म्हणत्यात. ती म्हणती, आज्जी, आजोबा लई लाडात आलेत." त्या हसल्या आणि पदरानं नाक पुसलं. "पर सकाळ-संध्याकाळ नाटकाचं म्हणत बसत्यात. ते म्हणताना माणूस जाग्यावर असतो बघा. तेवढं काढून घिऊ नका त्यांच्याकडनं. ते गेलं तर घरात कोण ऱ्हाईल मला ठावं न्हाय."

"कोण काढून घेतंय?" मी म्हटलं.

"तुमचे आबा," त्या म्हणाल्या. "आन् मी आल्याचं सांगू नका. मला घरात घ्यायचे न्हाईत."

आबांचं त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण ते खरं होतं. त्याच आठवड्यात टपरीवर आबा मला आणि मॅडमना म्हणाले, "बारामतीचा प्रयोग सर करतील. तिथं गाडी अडली तर इंदापूरला त्यांच्या जागी मी उभा राहतो. वाईट वाटतं, पण नाटक मोठं, माणूस लहान." वाईट त्यांना खरंच वाटत असावं. पण त्यांच्या मापाचा न्यायाधीशाचा काळा कोट शिंप्याकडं शिवून तयार होता, हे शिंप्याच्याच बायकोनं मला नवीन चष्मा घालून सांगितलं होतं.

मॅडमनी खांदे उडवले. "मला काय, समोर कोणीही असो. टाळ्या घ्यायच्या तर मलाच घ्यायच्या आहेत."

जंक्शनला बोललेली गोष्ट इंदापूरला पोचायला एसटीपेक्षा कमी वेळ लागतो. पुढच्या तालमीला सर आले ते थेट आबांसमोर उभे राहिले. "लेखकमहाशय, माझी भूमिका तुम्हाला हवी असेल तर अवश्य घ्या. फक्त आधी माझ्या आवाजात युरियाचा भाव सांगून दाखवा." आबा लाल झाले. मी वही तोंडासमोर धरली. हसले एवढ्याचसाठी नाही. सर उंच पाठीच्या खुर्चीकडं वळले होते आणि आधी तिचा हात चाचपून, मग त्याला धरून हळूहळू बसले, ते मला बघवेना.

बारामतीचा प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत कडेला सरांच्या मिसेस, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी विंगेत स्टुलावर, पुढ्यात संहिता, हातात छोटी बॅटरी.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात सरांना मी दोनदा शब्द दिला, त्यांनी तो असा उचलला की देणारीलाच शंका यावी. मॅडम तर त्या दिवशी अशा खुलल्या होत्या की कोरड्या डोळ्यातूनही थोडं पाणी आलं. मला वाटलं, तरलो.

शेवटचा प्रवेश. सर खुर्चीतून उठले. आरोपीच्या जागी आले. लाईट त्यांच्यावर आला. वाक्य होतं, "मी आजवर असंख्यांचे निवाडे केले, परंतु स्वगृहीच्या या मूक वादीचे म्हणणे ऐकून घेण्याची सहिष्णुता माझ्या ठायी नव्हती."

"मी," सर म्हणाले.

आणि थांबले.

अंगठा फिरत होता. मी श्वास सोडला. पंखे ऐकू येऊ लागले. प्रेक्षकांत कुणीतरी कौतुकानं मान हलवली, सरांचा तो पॉज बघायलाच अर्धी माणसं येतात. मग अंगठा थांबला. हात उघडला आणि कोटाशी लोंबत राहिला.

"मी आजवर," मी म्हटलं.

काही नाही.

"मी आजवर असंख्यांचे," मी म्हटलं, जरा जोरात. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी विंगेकडं बघितलं. सरांपर्यंत मात्र पोचलं नव्हतं. सर कुणाचंच ऐकत नव्हते. ते मॅडमकडं बघत होते, लहान मूल बाजारात हात सुटल्यावर बघतं तसं. समोर कोण बाई आहे, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मग ते बोलले. त्यांच्या त्या घोटीव आवाजात नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी, पातळ, रानातल्या आवाजात.

"मला न्हाय आठवत," सर म्हणाले. "काय म्हणायचं हुतं, न्हाय आठवत मला."

माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. पलीकडच्या विंगेत आबांचं तोंड उघडं. तिसऱ्या रांगेकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

मॅडम आपल्या जागेवरून उठल्या. संहितेत त्या उठत नाहीत. चालत सरांपाशी गेल्या, त्यांचा तो उघडा हात धरला आणि म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या. मला ठावं हाय."

ही आमची शाखाधिकारी. ही, जिनं अख्ख्या बारामतीला आपण जन्मतःच असं शुद्ध बोलतो अशी खात्री पटवली होती. तिच्या तोंडातून गोठा बाहेर आला, शेण-वैरणीसकट, आणि काय सांगू, सुरेख वाटला.

"बसा हितं," त्या म्हणाल्या. सर बसले. त्याही शेजारी, जमिनीवर. "तुमी म्हणणार हुता, का समद्या गावाचं ऐकलं, आन् हिचं तेवढं न्हाय ऐकलं. व्हय का?"

सरांनी त्यांच्याकडं बघितलं. "व्हय."

"म्हणणार हुता, का घरात आल्यावं बी खुर्चीवरनं उतरलोच न्हाय."

"व्हय," सर म्हणाले. "न्हाय उतरलो."

"आता उतरलाय न्हवं?"

सर स्वतःच्या मांडीकडं, खालच्या फळ्यांकडं बघत राहिले. "उतरलोय," ते म्हणाले, जणू आत्ताच त्यांच्या लक्षात आलं.

"मग झालं तर."

बस. यानंतर मॅडमचं पानभर उत्तर होतं, ज्यावर गेल्या तीन नाटकांत मिळून पडल्या नसतील एवढ्या टाळ्या त्यांनी आधीच धरून ठेवल्या होत्या. त्यातला एक शब्द त्या बोलल्या नाहीत. सरांचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. पडदा ओढणारा माणूस त्या भाषणाच्या शेवटच्या शब्दाची वाट बघत दोरी धरून उभा. मी त्याला म्हटलं, "पाड!" पहिल्या रांगेतले काका नंतर मला म्हणाले, की त्यांनीही तेव्हा मनात तेच म्हटलं होतं.

टाळ्या किती वाजल्या ते मी सांगणार नाही. टाळ्यांच्या बाबतीत आमच्या मंडळात खरं बोलायची पद्धत नाही.

मग मेकअपची खोली. सर आरशासमोर बसलेले, रंग उतरवायचा कापूस हातात तसाच. मॅडम बांगड्या काढत होत्या, खणाखण. शेवटी त्याच म्हणाल्या, आवाजाला पुन्हा कडक इस्त्री, "माझं अख्खं भाषण गेलं सर, तुमच्यामुळं."

सरांनी आरशातून त्यांच्याकडं बघितलं. क्षणभर मला भीती वाटली. मग त्यांची पाठ ताठ झाली. "त्या भाषणापेक्षा हे बरं झालं."

मला इतकं हायसं वाटलं की मी भांडी वाजवल्यासारखी हसले.

तेवढ्यात आबा आत आले, संहिता हातात गुंडाळी करून. "माझा शेवट! माझं एक वाक्य, एक शब्द जागेवर नाही! 'सहिष्णुता' कुठं गेली?" पुढचं ते बोलणार इतक्यात त्यांच्यामागून प्रेक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ आत शिरले. त्यांचे डोळे ओले होते. आबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आबा, शेवट काय लिहिलाय तुम्ही! जन्मभर पुस्तकी बोललेला माणूस, आणि कबुली द्यायची वेळ आली तेव्हा आईची भाषा तोंडात आली. हे सुचतं कसं तुम्हाला?"

आबांनी संहितेची गुंडाळी हळूच पाठीमागं नेली. "बोलीवर बराच विचार केला होता," ते म्हणाले.

पण बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं, त्यांनी मला आणि मॅडमना गाठलं. तिथं ते खरं बोलले. "आज निभावलं. पण ते खरोखर विसरले होते, आपल्या तिघांनाही माहीत आहे. दुसऱ्यांदा असं निभावत नाही. सगळ्यांसमोर त्यांची फजिती झालेली मला बघायची नाही. इंदापूर त्यांचं गाव आहे. तिथं नको. इंदापूरला मी उभा राहतो." या वेळी त्यांचा आवाज खरंच हलत होता, आणि त्या काळ्या कोटावरचा माझा राग थोडा कमी झाला.

मॅडमनी गाडीचं दार उघडलं. गाडीत बसल्या आणि गेल्या.

पुढच्या तालमीला जंक्शनला आबांनी नवा शेवट आणला होता, टाइप करून. 'मला न्हाय आठवत', 'ऱ्हाऊ द्या', सगळं शब्दशः, खाली स्वतःचं नाव. सरांनी तो कागद लांब धरून वाचला आणि खाली ठेवला. "हे कुणी घुसडलं? न्यायाधीश असं बोलेल?" त्यांना आठवत नव्हतं की कबूल करायचं नव्हतं, ते विचारायला कुणी धजलं नाही. आबांनी घसा साफ केला आणि माझ्याकडं बघितलं. आता ते कोटाचं काढणार, मला कळलं.

"थांबा आबा," मॅडम म्हणाल्या. त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. "आधी माझं ऐका. दुसऱ्या अंकात सरांचा जो एकट्याचा प्रवेश आहे, त्यात मी स्टेजवर बसणार. शेवटच्या कबुलीत तर असतेच. अख्खं नाटकभर मी एकदाही आत जाणार नाही."

"काय म्हणून?"

"खटला माझा आहे. वादी कोर्ट चालू असताना उठून फोडणी द्यायला जातो का?"

"मॅडम, ते सरांचं स्वगत आहे!"

"बायको घरात असताना नवऱ्याला कसलं आलंय स्वगत? मी प्रश्न विचारणार, ते उत्तर देणार. प्रश्न मी लिहून आणलेत."

मघापासून तो कागद बाजूला सारून बसलेले सर आता भडकले. आणि अहाहा, काय भडकले! "मला कल्पना होतीच! बाईंना माझं स्वगत खायचं आहे. आधी फ्लेक्स खाल्ला, मग खुर्ची खाल्ली, आता स्वगत!"

"खाण्यासारखं काही ठेवलंय का त्यात? पानभर बोलता आणि लोक घड्याळ बघतात!"

"लोक माझ्याकडे बघतात! घड्याळाकडे तुम्ही बघता, तुमची एन्ट्री कधी येते म्हणून!"

मालकानं कार्यालयाचं दार लावून घेतलं, बाहेर लोक थांबायला लागले होते. मी तोपर्यंत मॅडमचे कागद उचलले आणि वाचू लागले. पहिला प्रश्न: 'त्या दिवशी कोर्टातून आलात, मी ताट वाढलं, आणि तुम्ही न बोलता फाइल उघडलीत, ते आठवतं?' सरांच्या स्वगतात तिथं हेच होतं, कोर्ट, ताट, फाइल. दुसरा प्रश्न, तिसरा, सगळे असेच. सरांचं प्रत्येक वाक्य मॅडमच्या प्रश्नात आधीच ठेवलेलं होतं. सरांनी ते सांगितलं तर सांगितलं. नाही आठवलं तर 'हो' म्हटलं की काम झालं.

मी मान वर केली. मॅडम भांडता भांडता त्यांच्या त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होत्या.

"आणि आबा, आणखी एक," त्या म्हणाल्या. "हे प्रश्न मी सरांनाच विचारणार. दुसरं कुणी उभं राहणार असेल तर मी करणार नाही. माझ्यासमोर तेवढ्या उंचीचं माणूस लागतं. नाहीतर माझं काम उठत नाही."

आबांनी कागद घेतले. वाचले. पुन्हा वाचले. ते खत विकतात, पण संवाद त्यांना कळतो, हे मी कधीच नाकारलं नाही. मग ते म्हणाले, "दुसऱ्या प्रश्नात स्वल्पविराम चुकलाय." एवढंच. कोटाचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

सर अजून धुमसत होते. "बसू द्या त्यांना," ते म्हणाले. "बसून बघू द्या, अभिनय कसा करतात."

टपरीवर मी मॅडमच्या शेजारी उभी राहिले. काही बोलले नव्हते तरी त्या म्हणाल्या, "काय बघतेस? मला स्टेजवर जास्त वेळ हवा होता. एवढंच आहे."

"हो मॅडम."

"हसू नकोस."

इंदापूरच्या प्रयोगाला सरांचे जुने विद्यार्थी लोटले होते. काही तर स्वतःच आजोबा झालेले. सर चार-पाच ठिकाणी अडले. मी बॅटरी धरून बसले होते, पण मला एकदाही कुजबुजावं लागलं नाही. अंगठा थांबला की मॅडम विचारायच्या, कधी डोळे वटारून, कधी हसून, एकदा तर पदर खोचून. आणि प्रत्येक वेळी सरांचा चेहरा असा उजळायचा, जणू अंधाऱ्या खोलीत कुणी नेमकं बटण दाबलंय. शेवटी कबुलीत ते शुद्ध बोलले आणि मॅडम वडगावचं. आबांच्या टाइप केलेल्या कागदाचं कुणीच ऐकलं नाही. पडदा पडल्यावर आबा विंगेत एकटेच "वा!" म्हणाले, आणि या वेळी इकडंतिकडं बघितलं नाही.

विद्यार्थी सरांच्या पाया पडून गेले. खोलीत आम्ही चौघंच उरलो, आणि दाराशी सरांच्या मिसेस, त्यांची शाल घेऊन. सर माझ्या जवळ सरकले, पण त्यांना हळू बोलता येत नाही.

"बाई, मॅडमचं पाठांतर कच्चं झालंय. सारखं मलाच विचारत होत्या. तुम्ही शब्द तरी द्यायचे. मी होतो म्हणून सांभाळून घेतलं."

मॅडम केसातल्या पिना काढत होत्या. त्यांचा हात थांबला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, याच्या निम्म्या बोलण्यावर त्यांनी एका दिग्दर्शकाला मंडळ सोडायला लावलं होतं. त्यांनी पिन टेबलावर ठेवली, मग दुसरी काढली, तीही ठेवली.

"हो सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांभाळून घेता म्हणून जमतं."

सरांनी मोठ्या समाधानानं मान हलवली, शाल अंगावर घेतली आणि बायकोला म्हणाले, "बघ, मोठ्या मनाची आहे बाई. कबूल करते."